श्रुती (संगीत)

श्रुती : कानाला वेगळा म्हणून ओळखता येणारा सूक्ष्म नाद, आणि अशा लगतच्या दोन नादांमधले अंतर. भारतीय संगीतशास्त्राने एका सप्तकात बावीस श्रुती मानल्या आहेत. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून हा शब्द आला. वेदवाङ्मय या अर्थाची श्रुती निराळी. कर्नाटक संगीताच्या व्यवहारात श्रुती म्हणजे आधारस्वर. ‘श्रुतिपेटी’ हे नाव त्या अर्थाने पडले आहे. तो अर्थही येथे अभिप्रेत नाही.

बावीस श्रुतींचा सर्वांत जुना सविस्तर विचार भरताच्या नाट्यशास्त्रात, २८ व्या अध्यायात आढळतो. ग्रंथाचा काळ इ. स. पू. २०० ते इ. स. २०० यांच्या दरम्यान मानण्याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. तो याहून पुढे ओढणारेही आहेत. संहितेवर अनेक हात फिरले असल्याने एकच साल सांगण्यात अर्थ नाही. दत्तिलाच्या दत्तिलम् या छोट्या ग्रंथातही बावीस हीच संख्या येते. नारदीय शिक्षेत मात्र दीप्ता, आयता, करुणा, मृदू आणि मध्या अशा पाच श्रुतिजाती सांगितल्या आहेत. पुढे संगीतरत्नाकर या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव याने बावीस श्रुती याच पाच जातींत वाटून टाकल्या. शिक्षाकाराच्या मनात सामगायनातले उच्चारभेद असावेत आणि बाविसांशी त्यांची सांगड मागाहून घातली गेली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भरताची वाटणी अशी : षड्जग्राम या मूळ स्वररचनेत षड्ज, मध्यम व पंचम यांना प्रत्येकी चार, ऋषभ व धैवत यांना तीन आणि गांधार व निषाद यांना दोन श्रुती. स्वर आपल्या वाट्याच्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. म्हणजे षड्ज चौथ्या, ऋषभ सातव्या, गांधार नवव्या, मध्यम तेराव्या, पंचम सतराव्या, धैवत विसाव्या आणि निषाद बाविसाव्या श्रुतीवर येतो. आजच्या भाषेत हे सप्तक काफी थाटाजवळ जाते. मध्यमग्राम या दुसऱ्या रचनेत पंचम एक श्रुती उतरून सोळाव्यावर येतो आणि ती श्रुती धैवताच्या पदरात पडते. पंचमाच्या या दोन जागांमधले अंतर म्हणजे ‘प्रमाणश्रुती’. नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर एकमेकांचे संवादी, म्हणजे एकत्र वाजले की जुळून येणारे. पुढचे सारे गणित एवढ्या सामग्रीवर उभे आहे.

श्रुती बावीसच का, हे भरताने दोन वीणांवरच्या प्रयोगाने दाखवले. हीच ‘सारणाचतुष्टयी’, म्हणजे वीणा उतरवण्याच्या चार पायऱ्या. सारख्या दोन वीणा षड्जग्रामात मिळवायच्या. एक अचल म्हणजे ध्रुववीणा, दुसरी चलवीणा. पहिल्या सारणेत चलवीणेचा पंचम एका प्रमाणश्रुतीने उतरवायचा आणि बाकीचे स्वर त्याच्याशी पुन्हा षड्जग्रामात जुळवून घ्यायचे. म्हणजे सगळी वीणा एक श्रुती खाली येते. दुसऱ्या सारणेत पुन्हा उतरवले की चलवीणेचे गांधार व निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ व धैवतात मिसळतात. तिसऱ्या सारणेत ऋषभ व धैवत अनुक्रमे षड्जात व पंचमात जातात. चौथीत पंचम मध्यमात, मध्यम गांधारात आणि षड्ज निषादात विलीन होतो. दोन श्रुतींचे दोन स्वर मिळून चार, तीन श्रुतींचे दोन मिळून सहा, चार श्रुतींचे तीन मिळून बारा, एकूण बावीस. हातात मोजपट्टी नाही, कंपनसंख्येची कल्पना नाही, तरी केवळ दोन तारांचे एकरूप होणे हा निकष धरून सप्तकाची अंतर्रचना उलगडून दाखवणारा हा प्रयोग प्राचीन विज्ञानातल्या अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक आहे.

वाद सुरू होतो तो या बावीस पायऱ्या सारख्या होत्या की नाहीत यावर. समान मानणाऱ्यांचा आधार भरताचा ‘तद्वदेव’ हा शब्द आहे : दुसऱ्या सारणेत ‘पुन्हा तसेच’ उतरवावे, असे तो म्हणतो. उलट पक्षाचा आधार संवाद हा आहे, आणि त्याचे वजन जास्त आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले (हे माप अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये रूढ केले), तर समान श्रुती सुमारे ५४.५ सेंटची होते. तेरा श्रुतींचा पंचम मग ७०९ सेंटवर जातो. शुद्ध पंचम ७०२ वर आहे. सात सेंट हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, कानाला तसा वाटत नाही. षड्ज २४० कंपनांचा असेल तर शुद्ध पंचम ३६० चा आणि समान श्रुतींचा पंचम जवळजवळ ३६१.५ चा. तारेतून मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांपैकी षड्जाचा तिसरा ७२० वर आणि या पंचमाचा दुसरा ७२३ वर, म्हणून सेकंदाला सुमारे तीन ठोके (आवाजाचे चढउतार) ऐकू येतात. असा पंचम कोणीही जाणकार तंतकार मिळाला म्हणणार नाही.

याहून निर्णायक मुद्दा सारणांमध्येच दडलेला आहे. षड्जग्रामातले गांधार, निषाद, मध्यम, षड्ज आणि पंचम हे पाच स्वर संवादाच्या एकाच साखळीत येतात : गांधार व निषाद यांत तेरा श्रुती, निषाद व मध्यम यांत नऊ, मध्यम व षड्ज यांत नऊ, षड्ज व पंचम यांत तेरा. हे संवाद शुद्ध लावले की गांधार षड्जापासून २९४ सेंटवर ठरतो आणि चौथ्या सारणेअखेर एकूण उतरंड २०४ सेंटची होते. ऋषभ व धैवत ही जोडी आपसात संवादी आहे, पण त्या साखळीशी तिचा नऊ वा तेरा श्रुतींचा एकही धागा नाही. ऋषभ कोठेही धरला तरी पहिल्या आणि चौथ्या सारणेतली उतरंड सारखी निघते, तिसरीतली ऋषभानुसार बदलते, आणि दुसरीतली मात्र नेहमी ९० सेंटच येते. बावीस पायऱ्या प्रत्येकी ९० सेंटच्या सप्तकात मावत नाहीत. तेव्हा शुद्ध संवाद आणि समान श्रुती या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. ‘तद्वदेव’ हा शब्द उतरवण्याच्या कृतीला लावायचा, मापाला नाही, हेच वाचन त्यामुळे स्वीकारार्ह ठरते.

आधुनिक पुस्तकांत श्रुतींची जी तीन मापे छापली जातात, ८१/८० (सुमारे २२ सेंट), २५/२४ (सुमारे ७० सेंट) आणि २५६/२४३ (सुमारे ९० सेंट), ती याच सारणांतून निघतात. परंतु त्यासाठी ऋषभ १०/९ म्हणजे १८२ सेंटवर बसवावा लागतो. मग चार श्रुती म्हणजे ९/८, तीन म्हणजे १०/९, दोन म्हणजे १६/१५, आणि दहा लहान, पाच मधल्या व सात मोठ्या श्रुती मिळून सप्तक बरोबर पुरे होते. षड्ज २४० चा धरल्यास ९/८ चा ऋषभ २७० वर आणि १०/९ चा सुमारे २६६.७ वर येतो. प्रमाणश्रुती म्हणजे एवढा फरक. हिशेब मोहक आहे. पण १०/९ हा आकडा भरताचा नाही. तो अंतरगांधार (दोन श्रुती चढवलेला गांधार) ५/४ चा मानल्याने येतो, आणि ते गुणोत्तर भरताने कोठेही सांगितलेले नाही. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार याच गुणोत्तराचा आहे, म्हणून आजच्या गायकाला ते स्वाभाविक वाटते. जवारीमुळे, म्हणजे तारेखालच्या घोडीच्या खास घडणीमुळे, तारेतले वरचे स्वयंभू स्वर कसे पुष्ट होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले. मात्र तानपुरा हे वाद्य भरतानंतर कित्येक शतकांनी आले. त्याची साक्ष भरतासाठी काढताना सावधगिरी हवी.

मतंगाच्या बृहद्देशीत (बहुधा सहावे ते आठवे शतक) प्रश्न मापाकडून तत्त्वज्ञानाकडे वळतो. श्रुतींच्या संख्येविषयी त्याने अनेक मते नोंदवली आहेत : बावीस, मंद्र, मध्य व तार या तीन स्थानांच्या मिळून सहासष्ट, आणि कोहल या जुन्या आचार्याच्या नावावर अनंत. श्रुती आणि स्वर यांचे नाते काय, यावर पाच पक्ष मांडले आहेत. तादात्म्य : जाती आणि व्यक्ती जशा वेगळ्या काढता येत नाहीत, तसे. विवर्त : आरशात दिसणाऱ्या मुखासारखा स्वर श्रुतींत भासतो. कार्य : मातीपासून घट व्हावा तसा श्रुतींपासून स्वर होतो. परिणाम : दुधाचे दही होते तसे. अभिव्यक्ती : अंधारातला घट दिवा दाखवतो, तशा श्रुती स्वराला प्रकट करतात. मतंगाचा कौल शेवटच्या दोहोंकडे आहे. दर्शनांशी परिचय असणाऱ्याला यात सांख्यांचा परिणाम आणि शब्दनित्यत्ववाद्यांची अभिव्यक्ती लगेच ओळखू येईल. ‘विवर्त’ शब्द आला म्हणून मतंगाला शंकराचार्यांच्या नंतर ढकलण्याची गरज नाही. ती कल्पना भर्तृहरीच्या वाक्यपदीयात पहिल्याच श्लोकात आहे. गाताना षड्जावरून ऋषभाकडे मींडेने, म्हणजे नाद न तोडता घसरत, जाणाऱ्याला हे पक्ष कोरडे वाटू नयेत. वाटेतला नाद केव्हा स्वर होतो, हाच तर प्रश्न आहे.

शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघण (कारकीर्द साधारण १२१० ते १२४७) याच्या आश्रयाने संगीतरत्नाकर रचला. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले. त्याचे उत्तर नेमके आहे : श्रुतीच्या पाठोपाठ येणारा, स्निग्ध, अनुरणनरूप आणि श्रोत्याच्या चित्ताला स्वतःहून रंजवणारा नाद तो स्वर. तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती या षड्जाच्या श्रुतींपासून उग्रा, क्षोभिणी या निषादाच्या श्रुतींपर्यंत बावीस नावांची रूढ यादी त्याच्याच ग्रंथातून सर्वत्र पसरली. सारणांसाठी त्याने बावीस तारांच्या वीणा घेतल्या आहेत : प्रत्येक तार आधीच्या तारेहून किंचित उंच, इतकी की मध्ये तिसरा नाद मावू नये. येथे एक महत्त्वाचा बदल झाला. भरताची श्रुती संवादातून हाती लागते. शार्ङ्गदेवाची कानाच्या भेदशक्तीच्या टोकावर उभी राहते. समश्रुतिवादाला खरे बळ मिळाले ते या वर्णनामुळे. हृदय, कंठ आणि मूर्धा या ठिकाणी बावीस-बावीस नाड्या असल्याचेही तो सांगतो. ते योगपरंपरेच्या शरीरकल्पनेचे अंग समजावे.

यानंतरच्या ग्रंथांत श्रुती हळूहळू मागे पडल्या. पडदे असलेल्या वीणा रुळल्या, मध्यमग्राम व्यवहारातून गेला, मेलांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसप्तकांची, व्यवस्था आली. अहोबलाने संगीतपारिजातात (सतरावे शतक) स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवरून सांगितल्या, हे मोठे पाऊल होते. श्रुती आणि स्वर यांत भेद मानायचा तो साप आणि त्याचे वेटोळे यांतल्या भेदाइतकाच, असे त्याचे मत आहे.

आधुनिक वादाची सुरुवात इंग्रज संशोधक बोसांके यांच्या १८७७ मधील निबंधापासून धरता येते. त्यांनी बावीस समान भागांच्या अंगाने गणित मांडले. महाराष्ट्रात मात्र हा विषय पेटवला तो सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ घेऊन त्यांनी श्रुतींची गुणोत्तरे बसवली आणि १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. मुलकी सेवेतले अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा पक्ष आणि विष्णु नारायण भातखंडे समोरासमोर आले. ग्रंथांतल्या श्रुती प्रचारातल्या रागांवर अशा चिकटवता येत नाहीत, अशी भातखंडे यांची भूमिका होती. त्यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवून बिलावल थाटाशी संगती लावली. ती अध्यापनाला सोयीची आहे, भरताशी जुळणारी नाही. देवलांची चिकाटी आणि कानावरची निष्ठा मान्य करूनही म्हणावे लागते की त्यांनी एका थोर गायकाच्या काळातला स्वरलगाव भरताच्या संहितेत वाचला.

प्रत्यक्ष गाण्याची मोजणी पुढे झाली. जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये, तसेच मार्क लेव्ही यांनी १९८२ मध्ये उत्तर भारतीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांवरून स्वरस्थाने मोजली. एकाच रागातला तोच स्वर वेगवेगळ्या कलावंतांत, आणि एकाच कलावंताच्या गायन-वादनातही, लक्षणीय प्रमाणात हलतो असे आढळले. बावीस ठाम थांबे दिसले नाहीत. यावरून श्रुती खोट्या ठरत नाहीत. दरबारीचा गांधार आंदोलनात जगतो, भैरवाचा ऋषभ खालून डोलत वर येतो, तोडीचा अतिकोमल ऋषभ गुरू शिष्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतो. या जागांना घराण्यांत आजही ‘श्रुती’ हाच शब्द आहे. तो जागेइतकाच तिथे पोहोचण्याच्या रीतीलाही लावला जातो.

पेटीचे स्वर समविभागी आणि अचल, म्हणून आकाशवाणीवर १९४० पासून तिला बंदी होती. १९७१ मध्ये ती सैल झाली. विद्याधर ओक यांनी अलीकडे बावीस श्रुतींची पेटी बनवली आहे. तिच्यात रागानुसार श्रुती निवडून स्वर लावता येतात. दोन श्रुतींमधली मींड पेटीवर निघत नाही.