उलट्या पाण्यातले शंभर सेकंद

गोदावरीला पूर आला की नांदेडकर गोवर्धन घाटाच्या पुलावर गर्दी करतात. मीही जातो, पण माझी नजर पुलाच्या खांबामागे. नदी खाली धावत असते आणि तिथली झेंडूची फुलं, थर्माकोलच्या पत्रावळ्या मात्र उलट खांबाकडे सरकत असतात. खांबामागे दाब कमी पडतो, ती जागा भरायला पाणी मागे फिरतं. साती आसरांचा यात काही हात नाही.

परवा कॅनू स्लॅलमचा, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या दारांतून नाव काढायच्या शर्यतीचा, व्हिडिओ बघून भाचा म्हणाला, "मामा, पाणीच न्यायलंय की त्याला. दम कशाचा लागतो?"

दम लागतो तो याच उलट्या पाण्यामुळे. लटकत्या काठ्यांची १८ ते २५ दारं. हिरवी प्रवाहाबरोबर पार करायची, पण लाल पट्ट्यांची सहाएक प्रवाहाविरुद्ध. ती बहुधा अशाच आडोशाला टांगलेली असतात. सुसाट आलेली नाव तिथे जवळजवळ थांबते, वळते, आणि वल्ह्याच्या चारसहा जोरकस फटक्यांत पुन्हा वेग घेते.

त्या फटक्यांची ऊर्जा कुठली? स्नायूतलं एटीपी, म्हणजे पेशींचं तयार इंधन, दोन-तीन सेकंदांचं. ते तत्काळ भरून देतं फॉस्फोक्रिएटिन हे स्नायूतलंच राखीव रसायन, पण पूर्ण जोर लावला तर तेही दहाएक सेकंदांत आटतं. त्याचा निम्मा साठा परत भरायला साधारण अर्धा मिनिट आणि ऑक्सिजन हवा. इथे सगळी फेरीच शे-सव्वाशे सेकंदांची, पुढचं लाल दार पंधरा-वीस सेकंदांवर! मग स्नायू ऑक्सिजनची वाट न बघता ग्लुकोज फोडतो. लॅक्टेट तयार होतं, हायड्रोजन आयन साचून स्नायूत आम्लता वाढते. विश्रांतीत रक्तात लिटरमागे एक मिलिमोल असणारं लॅक्टेट आठाच्या वर जातं. तरीही एकूण ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास वाटा ऑक्सिजनचाच.

लॅक्टेट म्हणजे विष नव्हे. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, तासाभरात ते ओसरतं. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं त्याचं नाही, त्यामुळे 'लॅक्टिक अ‍ॅसिड काढणारी' पेयं विकत घेऊ नका.

थकलेल्या हातांचा नेमकेपणा जातो आणि काठीला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंदांचा दंड! टोकियो ऑलिंपिकच्या महिला कयाक (दुपाती वल्ह्याची नाव) अंतिम फेरीत सर्वांत वेगवान होती ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स. दोन काठ्या लागल्या, ४ सेकंद वाढले. सुवर्ण जर्मनीच्या रिकार्डा फुंकला, फॉक्सला कांस्य. रौप्य हुकलं ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने.