माइल्ड म्हणजे नक्की काय माइल्ड?

मेहुणा दुबईहून येताना दोन सिगार घेऊन आला. जुलैतली शनिवारची संध्याकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाल्कनीतून येऊरचे डोंगर ढगात अर्धे बुडालेले, आणि हा म्हणतो, "भाऊजी, एकदम माइल्ड आहे, काही होत नाही." मी म्हटलं ठीक आहे, महिन्यातून एखादी सिगारेट ओढणारा माणूस मी, मला काय होणार. अर्ध्या तासाने कपाळावर घाम, पोटात ढवळतंय आणि बायको लिंबूपाणी घेऊन उभी. तर तेव्हापासून डोक्यात आहे की यात माइल्ड होतं ते काय.

गंमत अशी की सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नसतो, तोंडात फिरवून सोडून द्यायचा. मग निकोटीन रक्तात गेलं कसं? तर सगळा खेळ आम्ल आणि अल्कलीचा आहे. सिगारेटच्या तंबाखूत साखर बरीच असते, त्यामुळे तिचा धूर आम्लधर्मी होतो, पीएच साधारण ६ च्या आसपास. त्यातलं जवळजवळ सगळं निकोटीन विद्युतभारित रूपात अडकलेलं असतं आणि ते गालाच्या आतल्या कातडीतून फारसं आत शिरत नाही, त्याला फुप्फुसच लागतं. सिगारचा तंबाखू हवेवर सावकाश वाळवतात, त्यात साखर उरत नाही, धूर अल्कलीकडे झुकतो, पीएच ८ च्या आसपास जातो, आणि तिथे जवळपास अर्धं निकोटीन मोकळं होतं. मोकळं निकोटीन तोंडातल्या तोंडातच रक्तात जातं. म्हणजे मी अगदी शहाण्यासारखा धूर आत न घेता बसलो होतो आणि डोस मात्र व्यवस्थित चालू होता. शिवाय एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो, आणि मी दुपारी जेवलो नव्हतो ते वेगळंच.

माइल्ड हे खरं तर पानांवर ठरतं. निकोटीन तयार होतं झाडाच्या मुळांत, तिथून ते वर पानांत चढतं, झाडाला त्याचा उपयोग कीटकनाशक म्हणून. शेंड्याकडची उन्हात तापलेली पानं जाड आणि कडक, त्यांना लिगेरो म्हणतात, खालची पातळ पानं सौम्य. माइल्ड सिगारमध्ये खालच्या पानांचा भरणा जास्त. मग पानांचे ढीग रचतात, आणि ओल्या गवताची गंजी कशी आतून गरम होते तसे ते आपोआप तापतात, अमोनिया उडून जातो, ढीग पुन्हा पुन्हा उलटायचे, हे आठवडे, कधी महिने चालतं. तिखटपणा जातो आणि चव गोलसर होते. पण याच वाळवण्या-मुरवण्यात तंबाखूतली नायट्रोसमाइन्स नावाची कॅन्सर करणारी द्रव्यंही तयार होतात. म्हणजे माइल्ड ती चव आणि झिंग, तोंडाच्या कॅन्सरचा धोका काही माइल्ड होत नाही, धूर गिळा नाहीतर गिळू नका.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी होती. सिगारच्या पेटत्या टोकाहून वर जाणारा धूर निळसर, आणि मेहुणा तोंडातून सोडत होता तो पांढरा. धूर तोच, मग रंग वेगळा का? टोकाकडचे कण अगदी बारीक, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. तोंडात जाऊन आलेले कण ओलावा धरून फुगलेले, ते सगळेच रंग सारखे विखुरतात म्हणून पांढरे दिसतात. आकाश निळं आणि ढग पांढरे, त्याचंही कारण हेच, आणि समोर येऊरवर तेच ढग बसलेले.

दुसरा सिगार मी कधीतरी बघू म्हणून स्टीलच्या डब्यात टाकून मसाल्याच्या कपाटात ठेवला. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, ठाण्याच्या पावसाळ्यात ती आरामात ८५ च्या वर, त्यामुळे बुरशी येणार असं धरूनच चाललो होतो. पंधरा दिवसांनी उघडलं तर बुरशी नव्हती, पण वरच्या पानाला टाचणीने टोचल्यासारखी दोन गोल भोकं आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी. हा तंबाखूचा भुंगा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, दोन-तीन मिलिमीटरचा. ज्या निकोटीनने बाकीचे किडे मरतात ते हा पचवतो, उबदार दमट हवा मिळाली की अंड्यातून अळी बाहेर पडते आणि पान पोखरत सुटते. बरं, तो फक्त तंबाखूच खातो असंही नाही, हळद, धने, मिरची सगळं चालतं त्याला.

हे मी मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं आणि चूक केली. तिने आधी धन्याचा डबा उन्हात ओतून बघितला. मग सिगार प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये टाकला, कारण थंडीत अंडी आणि अळ्या मरतात हेही मीच सांगून बसलो होतो. तो अजून तिथेच आहे, मटारच्या पाकिटाखाली. मेहुणा गणपतीत येतोय, त्याने विचारलं तर दाखवीन.