औषधिक्रियाविज्ञानाची मूलतत्त्वे

औषध शरीरावर कोणती क्रिया करते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, या दोन्हींचा अभ्यास म्हणजे औषधिक्रियाविज्ञान. पुण्यातील बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४६) व सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) येथे हा विषय एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात येतो. स्वतंत्र शास्त्र म्हणून त्याचा आरंभ सामान्यतः रूडॉल्फ बुकहाइम यांनी १८४७ च्या सुमारास दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथे काढलेल्या प्रयोगशाळेपासून मानतात.

बहुतेक औषधे पेशीवरील किंवा पेशीतील विशिष्ट रेणूंना, म्हणजे ग्राहींना, जोडली जाऊन क्रिया करतात. या कल्पनेचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १८७८ मध्ये मांजराच्या लाळग्रंथीवर पिलोकार्पीन व अ‍ॅट्रोपीन यांचे परस्परविरोधी परिणाम पाहिले आणि दोन्ही द्रव्ये पेशीतील अथवा मज्जातंतूच्या टोकांतील कोणत्यातरी पदार्थाशी संयोग पावत असावीत, असे सुचवले. १९०५ मध्ये त्यांचा युक्तिवाद अधिक पक्का झाला : निकोटिनाने आकुंचन पावणारा स्नायू क्युरारे (स्नायू लुळे पाडणारे वनस्पतिजन्य विष) दिल्यावर निकोटिनाला दाद देईना, पण थेट विजेचा झटका देताच आकुंचन पावे. याचा अर्थ क्युरारेने स्नायूची आकुंचनक्षमता नव्हे, तर निकोटीन स्वीकारणारा ‘ग्राही पदार्थ’ अडवला होता. ‘रिसेप्टर’ हा शब्द मात्र पाउल एर्लिख यांनी १९०० मध्ये, तोही जीवविषांच्या संदर्भात, रूढ केला. औषधे ऊतींतून सहज धुऊन निघतात, तेव्हा ती रासायनिक बंधाने जखडलेली नसावीत, या कारणाने ते औषधांना ग्राही असल्याचे १९०७ पर्यंत मान्य करत नव्हते. म्हणून नाव एर्लिख यांचे व औषधांविषयीची कल्पना लँगली यांची, ही विभागणी पुराव्याशी अधिक जुळते.

ए. जे. क्लार्क यांनी १९२६ मध्ये बेडकाच्या हृदयावर अ‍ॅसिटिलकोलीनची मात्रा व परिणाम यांचा संबंध मोजला आणि परिणाम व्यापलेल्या ग्राहींच्या प्रमाणात असतो, असे गृहीत धरले. हे गृहीतक अपुरे ठरले. काही ऊतींत थोडेच ग्राही व्यापूनही कमाल परिणाम मिळतो, हे आर. पी. स्टीफनसन यांनी १९५६ मध्ये दाखवले व ‘एफिकसी’ (ग्राहीला जोडल्यावर परिणाम घडवण्याची औषधाची क्षमता) ही स्वतंत्र संज्ञा दिली. तिचा आणि ‘पोटेन्सी’चा (ठरावीक परिणामासाठी किती कमी मात्रा पुरते याचा) भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घेणे अत्यावश्यक आहे. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण ‘जास्त पॉवरची गोळी’ मागतो, तेव्हा त्या एका शब्दात दोन्ही अर्थ मिसळलेले असतात. मूत्रल (लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या) औषधांत सुमारे १ मिग्रॅ. ब्युमेटॅनाइड साधारणतः ४० मिग्रॅ. फ्युरोसेमाइडइतके काम करते, म्हणजे त्याची पोटेन्सी जास्त आहे. परंतु दोघांच्या मूत्रल परिणामाची कमाल मर्यादा, म्हणजे एफिकसी, जवळपास सारखीच आहे. थायाझाइड या दुसऱ्या मूत्रल गटातील औषधांची मात्रा कितीही वाढवली तरी ती मर्यादा गाठता येत नाही.

शरीर औषधाचे जे करते त्याचे शोषण, वितरण, चयापचय व उत्सर्जन असे टप्पे आहेत. हृदयशूलावरील नायट्रोग्लिसरीन गिळल्यास त्याचा मोठा भाग यकृतातच नष्ट होतो, म्हणून ते जिभेखाली ठेवतात. ठरावीक अंतराने मात्रा देत राहिल्यास रक्तातील पातळी साधारणतः ४ ते ५ अर्धायुकालांत (अर्धायुकाल म्हणजे पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ) स्थिरावते. अपस्मारावरील फेनिटॉइन याला अपवाद आहे : उपचाराच्या नेहमीच्या पातळीतच त्याचे चयापचय करणारी विकरे (एन्झाइमे) संपृक्त होऊ लागतात, म्हणजे त्यांची क्षमता पूर्ण वापरली जाते, त्यामुळे मात्रेतील लहान वाढीनेही पातळी अनपेक्षितपणे चढून विषबाधा होऊ शकते.