अमीनाबादेतला सहा मुलींचा वर्ग

लखनौचं लालबाग गर्ल्स स्कूल आणि इसाबेला थोबर्न कॉलेज या दोन्ही संस्थांचं मूळ एकच आहे: 18 एप्रिल 1870 रोजी अमीनाबाद बाजारातल्या एका खोलीत भरलेला सहा मुलींचा वर्ग. कोणी दंगा करायला आलंच तर असू द्यावा म्हणून दाराशी दंडुका घेतलेला एक तरुणही उभा होता. मुलींची शाळा काढली की काय काय सोसावं लागतं, हे पुणेकरांना सांगायला नको.

अमेरिकन मेथडिस्ट मिशन उत्तरेत आलं ते 1856 मध्ये. विल्यम बटलर यांनी बरेलीत बस्तान मांडलं आणि वर्ष उलटायच्या आत उठाव पेटला. ते कुटुंबासह नैनितालला निसटले. उठाव शमल्यावर रोहिलखंड आणि अवध हा मिशनचा मुलूख ठरला. पण पडदा पाळणाऱ्या घरांत पुरुष पाद्र्यांना शिरकाव कुठला असायला? त्यांच्या बायका संसार सांभाळून जमेल तेवढं शिकवत.

1866 मध्ये जेम्स थोबर्न हे पाद्री एका खेड्यात तंबू ठोकून राहिले होते. तिथे गिधाडाचं एक पीस हाती लागलं. त्याची लेखणी तासून त्यांनी ओहायोत शिक्षिका असलेल्या बहिणीला, इसाबेलाला, पत्र लिहिलं आणि जाता जाता विचारलं, मुलींची शाळा काढायची ठरली तर चालवायला येशील का? ती एका पायावर तयार झाली.

तरी तिला निघायला तीन वर्षं गेली. अविवाहित बाईला परदेशी धाडायला चर्चची मंडळी फारशी उत्सुक नव्हती. (आपल्याकडे दुसऱ्या एका अमेरिकन मिशनने सिंथिया फरार यांना 1827 मध्येच मुंबईला पाठवलं होतं. पुढे त्यांची अहमदनगरची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले.) शेवटी मार्च 1869 मध्ये बोस्टनला, भर पावसात, मोजक्या बायका जमल्या आणि त्यांनी स्वतःचं वेगळं मिशन मंडळ काढलं. इसाबेलाच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा एकीने सुचवलं, गरज पडली तर भारी कपडे सोडून साध्या छिटाच्या पोशाखात फिरू, पण तिला पाठवू. माझ्या मते या शाळेचा पाया अमीनाबादेत नव्हे, तर या पदरमोडीत आहे. पैसा बायकांचा, त्यामुळे शब्दही बायकांचा चालला.

जानेवारी 1870 मध्ये इसाबेला भारतात पोहोचल्या. सोबत डॉक्टर क्लारा स्वेन होत्या. त्या बरेलीला गेल्या आणि रामपूरच्या नवाबाने दिलेल्या जागेवर त्यांनी बायकांचं रुग्णालय उभारलं.

शाळेत सुरुवातीला मुख्यतः देशी ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुली होत्या. वर्षभरात लालबागेतला प्रशस्त बंगला विकत घेतला गेला, वसतिगृह आलं, वरचे वर्ग वाढत गेले आणि 1886 मध्ये कॉलेजचे वर्ग सुरू झाले. इथेच शिकून इथेच प्राध्यापक झालेल्या लीलावती सिंह 1900 मध्ये इसाबेलांबरोबर न्यूयॉर्कच्या मिशन परिषदेत बोलल्या. पुढच्याच वर्षी, 1 सप्टेंबर 1901 रोजी, इसाबेला लखनौत पटकीने गेल्या. नंतर कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं. 1923 मध्ये कॉलेज चांदबागेत हललं. शाळा मात्र लालबागेतच राहिली.