बरणी, गोळ्या आणि मिनिटाला शंभर फेरे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागे एक व्हिडिओ फिरत होता. एक भाऊ स्टीलच्या डब्यात बेअरिंगच्या गोळ्या आणि हळद टाकतो, डबा ड्रिल मशीनला अडकवतो, दोन मिनिटं घर्रर्र करतो आणि सांगतो की झाली नॅनो हळद तयार, आता अंगाला दसपट लागणार. खाली पन्नास जणांचे नमस्कार. माझा जीव खालीवर झाला, कारण मी गेली काही वर्षं मातीच्या भांड्यांच्या नादाला लागलोय, आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप, भट्टीत वितळून बसतो तो) दळायला घरीच बॉल मिल केली आहे, आणि त्या नादात दोन बरण्या फोडल्यात. तर त्या ड्रिलवाल्या भावाच्या डब्यात नक्की काय झालं असणार ते मला नीट माहितीये. काहीच झालं नसणार!

बॉल मिल म्हणजे काय, तर आडवी ठेवलेली गोल बरणी, आत निम्म्यापर्यंत कडक गोळ्या, गोळ्यांच्या फटीत दळायचा माल, आणि बरणी दोन रूळांवर लोळत राहते. चंद्रपूरकडे सिमेंट कारखान्यात क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) दळायला असते ती याचीच थोरली बहीण, आणि गुजरातेत मोरबीला टाइल्सची माती याच पद्धतीने दळतात. गोळ्या भिंतीबरोबर वर चढतात, एका उंचीला गेल्या की गडगडत खाली येतात, मधे सापडलेला कण चिरडला जातो. खलबत्त्याचं काम, फक्त हात एक नाही, शेकडो.

आता खरी गंमत स्पीडमध्ये आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. लोकांना वाटतं जितकं जोरात तितकं बारीक. मिक्सरमुळे झालेली सवय आहे ही. घरचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन बघा. कपडे धुताना ड्रम मिनिटाला साधारण ५० च्या आसपास फेरे घेतो, कपडे वर जातात आणि धप्पकन खाली पडतात, त्या पडण्यानेच मळ निघतो. नंतर स्पिन सुरू झालं की तेच कपडे ड्रमला चिकटून बसतात, पडायचं नावच नाही, कारण आता फिरण्याने गुरुत्वाकर्षणाला गप्प केलेलं असतं. पाण्याची कळशी हातात धरून गरागरा फिरवली तर डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही ना, तेच. गोळ्या भिंतीला चिकटल्या की दळण बंद. ज्या वेगाला हे होतं त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात.

हा वेग किती, ते शाळेतल्या गणितात निघतं. बरणीच्या माथ्यावर असलेली गोळी पडू नये म्हणून तिला गोल फिरवत ठेवायला लागणारं त्वरण बरोबर g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकं हवं. म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या बरोबर g. ही त्रिज्या बरणीची नाही, गोळीच्या मध्यापर्यंतची, म्हणून बरणीच्या आतल्या व्यासातून गोळीचा व्यास वजा करायचा आणि निम्मा घ्यायचा. सगळं मिनिटाच्या फेऱ्यांत आणलं की ४२.३ भागिले (व्यासांच्या फरकाचं वर्गमूळ) असं सूत्र मिळतं, फरक मीटरमध्ये. वॉशिंग मशीनचा ड्रम अर्धा मीटर धरला तर ६० येतात, म्हणजे ५० वर कपडे पडतात आणि पुढे चिकटतात, जुळलं बघा. (मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी मशीनसमोर बादली उपडी घालून बसून अख्खी सायकल बघितली होती, घरच्यांनी काय म्हटलं ते सोडा.) आणि या सूत्रात गोळीचं वजन कुठेच नाही! शिशाची असो नाहीतर काचेची, सारख्या मापाच्या बरणीत सारख्या मापाची गोळी सारख्याच वेगाला चिकटते.

माझी बरणी ११० मिमीच्या पीव्हीसी पाईपची, आतून साधारण १०४ मिमी. गोळ्या १२ मिमीच्या. क्रिटिकल स्पीड येतो जवळजवळ १४० फेरे. चालवायची त्याच्या ६५ ते ७५ टक्क्यांवर, म्हणजे शंभरच्या आसपास. ड्रिल मशीन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतं, तेव्हा नॅनो हळदवाल्याच्या डब्यात सगळा ऐवज पहिल्या सेकंदाला भिंतीला चिकटून नंतर नुसता फिरत बसला असणार. हळद तर आधीच दळलेली होती. राहता राहिलं नॅनो, तर नॅनो म्हणजे मायक्रॉनपेक्षाही (मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक, आणि अशी साधी लोळणारी मिल काही मायक्रॉनपर्यंत आली की तिचा दम जातो, त्याखाली जायला वेगळ्या जातीच्या मिल्स लागतात.

एक मेख मात्र सूत्रात दिसत नाही. सूत्र धरून चालतं की गोळी भिंतीवर घसरत नाही. प्लॅस्टिकची बरणी आतून गुळगुळीत असते, त्यामुळे गोळ्यांचा अख्खा ढीग घसरत तळाशीच राहतो, शंभर फेरे असूनही. माझं पहिलं दळण असंच वाया गेलं. मग पाईपच्याच तीन पट्ट्या कापून आत लांबीला चिकटवल्या, तेव्हा कुठे ढीग वर चढायला लागला. कानाने कळतं: सतत खळखळ म्हणजे बरोबर, बरणी गप्प झाली म्हणजे एकतर चिकटलंय नाहीतर घसरतंय, आणि सुटा ठणठण आवाज येतोय म्हणजे गोळ्या मालावर न पडता एकमेकींवर किंवा समोरच्या भिंतीवर आपटताहेत.

गोळ्यांचं माप. २० मिमीच्या एका गोळीच्या वजनात १० मिमीच्या ८ बसतात. एकूण वजन तेच, पण आठ जागी हल्ला आणि पृष्ठभाग दुप्पट, फक्त प्रत्येक ठोका आठव्या हिश्शाचा. तेव्हा माल रव्यासारखा जाड असेल तर मोठी गोळी, मैद्याच्या जवळ असेल तर लहान. मी दोन्ही मिसळतो.

आता गोळ्या कशाच्या, तर इथे माझं ठाम मत आहे. गोळी झिजतेच. ती झिजून मालात मिसळणार हे धरूनच चालायचं आणि जिची पूड आपल्याला चालेल ती गोळी घ्यायची. स्टील जड, काचेच्या तिपटीहून जास्त, म्हणून काम झटपट करतं, पण पांढऱ्या ग्लेझमध्ये लोखंड गेलं की भट्टीतून भांडं तपकिरी ठिपके घेऊन बाहेर येतं. शिवाय बेअरिंगची गोळी चकचकीत दिसते म्हणून ती स्टेनलेस असेलच असं नाही, बहुतेक क्रोम स्टीलच्या असतात, पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी गंज. (हळदीत काही गेलंच असेल तर हेच, पण ते कोण विचारतो.) काचेच्या गोट्या मी आधी वापरल्या, स्वस्त आणि मुलाच्या डब्यातच होत्या. काचेचा कडकपणा मोहच्या मापावर (१ ते १०, जितका आकडा मोठा तितकं कडक) साडेपाचच्या आसपास, ग्लेझमधल्या खनिजांपैकी फेल्डस्पार ६, क्वार्ट्ज ७, म्हणजे मालच गोट्यांना खातो. सहा तासांनी वजन केलं तर २० ग्रॅम गायब, ४०० ग्रॅमच्या ग्लेझमध्ये ५ टक्के काच! रेसिपीच बदलली, ग्लेझ ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटलं.

नदीतले गोटे फुकट मिळतात म्हणून आणू नका, आपल्याकडचा काळा पाषाण बेसॉल्ट आहे, त्यात लोह भरपूर. गारगोटी चालते, ती सिलिकाच (क्वार्ट्ज म्हणजे तेच), झिजली तरी ग्लेझमध्ये सिलिका असतेच. पण एकसारख्या गोल गारगोट्या निवडत बसायला वेळ हवा. शेवटी मी ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, सिरॅमिक) गोळ्यांवर आलो, कडकपणा ९, काचेच्या दीडपट जड, पूड पडलीच तरी पांढरी. १.७ लिटरच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरायला साधारण १ किलो ८०० ग्रॅम लागल्या, कारण ढिगात चाळीस टक्के जागा फटींचीच असते. झिर्कोनियाच्या सिरॅमिक गोळ्या याहून जड आणि चिवट, पण माझ्या खिशाला नाही.

बरणीबद्दल थोडक्यात. काचेची नको, माझी लोणच्याची बरणी तिसऱ्या तासाला गेली. जाड एचडीपीईची (टणक प्लॅस्टिकची) सगळ्यात बरी, तिचे कण भट्टीत जळून जातात. पाईपची करायची तर एन्ड कॅप पाईपपेक्षा जाड असतात हे विसरू नका, नाहीतर बरणी रूळांवर धडपडत चालते. रूळ दोन कॅपच्या मधे बसवा. सायकलची ट्यूब आतून लावली तर आवाज कमी होतो, शेजारी टिकतात.

माल ओलाच दळा, कढीइतका पातळ. बासुंदीसारखा दाट झाला की गोळ्यांचे ठोके विरतात, ताकासारखा पातळ झाला की गोळ्या कोरड्या अंगाने एकमेकींना घासतात. आणि क्वार्ट्जची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस, तो बरा होत नाही. ॲल्युमिनियमची पूड किंवा फटाक्यांची दारू दळायचं डोक्यात असेल तर तिथेच थांबा. बंद बरणीत तयार झालेली ताजी ॲल्युमिनियम पूड झाकण उघडताच हवा मिळून पेटू शकते, आणि दारूच्या बाबतीत तर १८८४ पासून कायदा आहे आणि त्याआधीपासून स्मशान.

परवा त्याच भावाचा नवा व्हिडिओ आला, या वेळी नॅनो आवळा. मी ग्रुपवर फक्त विचारलं की दळायच्या आधी आणि नंतर गोळ्यांचं वजन केलं का. अजून उत्तर नाही.