पहिलं अक्षर टाइप करण्याआधीचा प्रश्न

एक्लिप्स या प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामची एखादी फाइल उघडून तुम्ही पहिलं अक्षर टाइप करता. ते स्वीकारण्याआधी एडिटर मूळ यंत्रणेला विचारतो, 'ही फाइल बदलली तर चालेल ना?' बहुतेक वेळा क्षणात होकार येतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एक्लिप्सच्या सगळ्या रचनेत मला हा प्रश्न फार आवडतो, कारण व्हर्जन कंट्रोल ऐच्छिक ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यात दिसतं.

कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी ही साधनं एकाच स्वभावाची नसतात. सीव्हीएस किंवा गिटमध्ये प्रत्येक जण आपापल्या प्रतीवर बिनधास्त काम करतो. बदल नंतर एकत्र होतात. क्लिअरकेससारख्या साधनात मात्र वाचनालयातल्या पुस्तकासारखी फाइल आधी आपल्या नावावर घ्यावी लागते, तोवर ती फक्त वाचता येते. अशा साधनाला बदल होण्याआधीच मध्ये पडण्याची संधी हवी. तीच संधी हा प्रश्न देतो. साधन जोडलेलंच नसेल, तर फाइल केवळ वाचनासाठी आहे का एवढं पाहून यंत्रणा पुढे जाते.

आयबीएमने नोव्हेंबर २००१मध्ये एक्लिप्स मुक्तस्रोत केलं, तेव्हा त्या जगात सीव्हीएसचाच बोलबाला होता. त्याचे नियम थेट एक्लिप्सच्या गाभ्यात लिहून टाकणं सोपं होतं. तसं न करता सीव्हीएसलाही प्लगइन, म्हणजे हवा तेव्हा जोडता-काढता येणारा भाग, म्हणून बाहेर ठेवलं आणि मध्ये 'टीम' नावाचा पातळ थर घातला. या प्रकल्पाला कुठलं तरी साधन जोडलंय, इतकंच त्या थराला ठाऊक. सीव्हीएसला टीम माहीत असतं, टीमला सीव्हीएस माहीत नसतं. ओळख अशी एकतर्फी आहे म्हणूनच प्लगइन काढून टाकलं तरी गाभ्यात काही मोडत नाही.

फाइलचं नाव बदलताना हे जास्त कळतं. सीव्हीएसला नाव बदलणं ही कल्पनाच नव्हती: जुनी फाइल काढा, नवी घाला, आणि इतिहास तुटला. सबव्हर्जन मात्र नवी फाइल कुठून आली ते लक्षात ठेवतं. म्हणून एक्लिप्स फाइल हलवण्याआधी जोडलेल्या साधनाला विचारतं, 'हे तू करणार का?' कोणी पुढे आलं नाही, तर फाइल साध्या पद्धतीने हलते.

२००५मध्ये गिट आलं तेव्हा या थराचा कस लागला. गिटचा परवाना जीपीएल, एक्लिप्सचा वेगळा. त्यांच्या अटी जुळत नसल्याने दोन्हींचा कोड एकत्र बांधणं शक्य नव्हतं. मग गिट जावा या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलं गेलं, त्याचं नाव जेगिट, आणि त्यावर ईगिट हे प्लगइन उभं राहिलं. एक्लिप्सचे स्वतःचे प्रकल्पही सीव्हीएस सोडून गिटवर गेले. इतका मोठा पालट झाला, पण टीमचा थर होता तिथेच राहिला.

ऐच्छिकपणाची किंमत नवख्याला मोजावी लागते. कुठलं प्लगइन घ्यायचं हे त्याने कसं ठरवावं? म्हणून जावात प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या तयार पॅकेजमध्ये गिट आधीच घातलेलं असतं. मला हे योग्य वाटतं: गाभा मोकळा, ताट वाढलेलं.

आणि ज्याला यातलं काहीच नको, त्याच्यासाठीही एक्लिप्स 'लोकल हिस्टरी' ठेवतं. दर वेळी फाइल सेव्ह केली की आधीची प्रत बाजूला जाते. मूळ सेटिंगनुसार ७ दिवस, एका फाइलच्या जास्तीत जास्त ५० प्रती, आणि १ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वगळून. कोणाबरोबर वाटून घेता येत नाही, डिस्क बिघडली तर तीही जाते. पण काल दुपारी चालणारा कोड आज सकाळी सापडत नसेल, तर फाइलवर राइट-क्लिक करून आधी तिथेच शोधा.