अपेंडिक्स: दुर्बिणीने काढावे की चिरा देऊन?

अपेंडिक्सचे ऑपरेशन ठरले की नातेवाईक आधी टाके किती पडतील ते विचारतात. डॉक्टरांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो: ते नुसते सुजले आहे की फुटले आहे? कारण दोन्ही पद्धतींत आत जाऊन काम तेच करायचे असते, फरक असतो तो आत जाण्याच्या वाटेत.

जुनी वाट न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1894 साली सांगितली, आणि ती आजही मोडीत निघालेली नाही. उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा धरायची. त्या रेषेवर हाडापासून एक तृतीयांश अंतरावर पाच-सात सेंटिमीटरचा चिरा द्यायचा. पोटाच्या स्नायूंचे तिन्ही थर आडवे कापायचे नाहीत, ज्याच्या-त्याच्या तंतूंच्या दिशेनेच उघडायचे. तिन्हींची दिशा एक नसल्याने मिटल्यावर ते एकमेकांना आधार देतात. म्हणून या जागी हर्निया क्वचितच होतो. मग मोठ्या आतड्याची सुरुवात शोधायची. तिच्यावरचे तीन पट्टे जिथे एकत्र येतात, तिथे अपेंडिक्सचे मूळ असते. रक्तवाहिनी बांधायची, मूळ बांधायचे, कापायचे. हे सगळे कमरेत इंजेक्शन देऊन, रुग्ण जागा असतानाही होते. साधनेही मोजकीच लागतात.

दुर्बिणीने अपेंडिक्स पहिल्यांदा काढले ते 1980 साली, जर्मनीतल्या कील शहरात, कुर्ट सेम यांनी. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते, त्यामुळे तिथले सर्जन त्यांच्यावर चांगलेच भडकले. यात बेंबीपाशी साधारण 10 मिलिमीटरचे एक आणि खाली 5 मिलिमीटरची दोन छिद्रे असतात. पोट 12 ते 15 मिलिमीटर पारा इतक्या दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. लघवीची पिशवी आधी रिकामी करतात, नाहीतर खालच्या छिद्राच्या वेळी तिला इजा होऊ शकते. टेबल डोक्याकडे खाली आणि डावीकडे झुकवले की आतडी बाजूला सरकतात. रक्तवाहिनी जाळून किंवा क्लिप लावून बंद करतात, मुळाला दोऱ्याचे फास घालतात, आणि कापलेला तुकडा पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे त्यातला पू जखमेला लागत नाही. यासाठी सहसा पूर्ण भूल लागते. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. दोष खांद्याचा नसतो. छाती आणि पोट यांच्यामधल्या ताणलेल्या श्वासपटलाची नस मानेतून येते, म्हणून ते दुखणे खांद्यात जाणवते.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात दोन्हींची तुलना करणाऱ्या 85 चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. दुर्बिणीने जखमेतला जंतुसंसर्ग निम्म्याहून कमी झाला, मोठ्यांचा रुग्णालयातला मुक्काम सुमारे एक दिवसाने घटला आणि ते सुमारे पाच दिवस आधी रोजच्या कामाला लागले. पहिल्या दिवशीच्या वेदनेतला फरक मात्र दहापैकी एक गुणही नव्हता. जाहिरातीत तो बराच मोठा दिसतो. आणि उलट बाजूही आहे: मोठ्यांमध्ये पोटाच्या आत पुवाचे गळू होण्याची शक्यता दुर्बिणीनंतर दीडपटीहून अधिक निघाली. पोट धुताना पू सगळीकडे पसरतो, असा एक संशय आहे. म्हणून बरेच सर्जन आता धुण्यापेक्षा पू ओढून घेण्यावर भर देतात. अपेंडिक्समधला विष्ठेचा खडा निसटून आत राहिला तरी गळू होते.

तरुण स्त्रीच्या उजव्या ओटीपोटात दुखत असेल, तर दुर्बीण उजवी ठरते. दुखणे बीजकोशाच्या गाठीचे निघाले तर तेही त्याच छिद्रांतून दिसते. लठ्ठ व्यक्तीतही तसेच. चरबीच्या जाड थरातून लहान चिऱ्यात काम करणे फार अवघड जाते.

दुर्बिणीने सुरू करून मध्येच चिरा द्यावा लागला, तर ते अपयश मानू नये. मूळच सडलेले असेल, आतडी घट्ट चिकटलेली असतील किंवा रक्तस्राव आवरत नसेल, तर हट्ट धरणे धोक्याचे. मुळाचा तुकडा लांब राहिला तर त्यालाच पुन्हा सूज येऊ शकते. 10 मिलिमीटरच्या छिद्राचा आतला थर न शिवता नुसती कातडी शिवली, तर पुढे तिथे हर्निया होऊ शकतो. भारतात आणखी एक त्रास दिसतो. दुर्बिणीची साधने नीट निर्जंतुक झाली नसतील, औषधात बुडवून नंतर साध्या पाण्याने धुतली असतील, तर क्षयाच्या कुळातले जंतू छिद्रात शिरतात. जखम भरल्यासारखी दिसते आणि काही आठवड्यांनी तिथे गाठ येऊन पाणी झिरपू लागते. नेहमीच्या प्रतिजैविकांना ती दाद देत नाही.

अपेंडिक्स फुटलेले असेल तर घरी सोडल्यावरही पहिल्या पंधरवड्यात लक्ष हवे. उतरलेला ताप पुन्हा चढला, भूक गेली, सारखी शौचाची भावना होऊन थोडी-थोडी शेम पडू लागली, तर ओटीपोटात गळू झाले असण्याची शंका घ्यावी. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. असे गळू बहुतेक वेळा पोट पुन्हा न उघडता, सुईने किंवा नळी घालून रिकामे करता येते.